मलेरिया पार्टी, मुक्काम चांदा

आमच्या धंद्यात माणसाचं रक्त थेंबभर घ्यायचं असतं, पण किस्से घागरभर जमतात! आणि भरलेली घागर कुठेतरी सांडावीच लागते. चार जुने दोस्त बसले, चहा आला, की कुणीतरी म्हणतंच, "अरे, ती बाजेची गोष्ट सांग ना!"

लोकांना वाटतं, याने चांद्याच्या जंगलात नोकरी केली, म्हणजे हा वाघाच्या गोष्टी सांगणार. वाघ मी उभ्या नोकरीत दोनदा पाहिला, तोही पाठमोरा. वाघाचं काही वाटत नाही हो, तो निदान दिसतो तरी. आम्ही ज्याच्या मागावर होतो, तो दिसतच नव्हता!

पन्नास सालानंतरचे दिवस. जिल्ह्याचं नाव तेव्हा चांदाच, आणि गडचिरोली त्यातच. सरकारने मलेरियाची पार्टी काढली होती. गावोगाव जायचं, कुणाकुणाला ताप येतो ते लिहायचं, बोट टोचून थेंबभर रक्त काचेवर घ्यायचं, भिंतींवर डीडीटी मारायचं, गोळ्या वाटायच्या. वाटेत देवी, पटकी, काहीही दिसलं तरी वर कळवायचं.

पार्टीत आम्ही पाच जण. डॉक्टर सबनीस पुण्याचे, तरुण, दर वाक्यात 'शास्त्रीयदृष्ट्या' म्हणणारे. इन्स्पेक्टर राऊत सावली गावाकडचे, आवाज डफासारखा. गफूरभाई मच्छर पकडणारे. लालसू भामरागडकडचा माडिया आदिवासी, आमचा चपराशी आणि दुभाष्या. आणि मी मायक्रोस्कोपवाला. गावातली माणसं मला 'काचवाले भाऊ' म्हणायची.

*

तर आधी बाजेचाच किस्सा.

वैनगंगेच्या काठाला, धानाच्या पट्ट्यात एक गाव होतं. तिथल्या शाळेत घड्याळ नव्हतं. पण मास्तर एक दिवसाआड शाळा अगदी वेळेवर सोडायचे! मधल्या दिवशी मात्र नुसता अंदाजपंचे कारभार.

आम्ही विचारलं, "मास्तर, हे कसं काय?"

मास्तरांनी समोरच्या अंगणात बोट दाखवलं. तिथे बाजेवर दादाजी नावाचा शेतकरी बसला होता. त्याला एकांतरा ताप. एक दिवस ठणठणीत, दुसऱ्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर आला की हुडहुडी! हुडहुडी अशी, की बाजेचे चारी पाय जमिनीवर वाजायचे. खडखड ऐकू आली की मास्तर घंटा मारायचे आणि पोरं जेवायला पळायची.

डॉक्टर हसले नाहीत. दादाजीची हाडं दिसत होती, दोन हंगाम त्याने बांधावर पाय ठेवला नव्हता. रक्त पाहिलं, गोळ्या सुरू केल्या. दहा दिवसांत गडी उभा! बायकोने डॉक्टरांच्या पायावर डोकं ठेवलं. दादाजी नांगर घेऊन शेतात गेला.

आम्ही त्या दिवशी शाळेतच पोरांची पोटं चाचपत होतो, पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे का ते बघत. सूर्य डोक्यावर आला. आणि समोरच्या अंगणातून आवाज आला, खडखड, खडखड.

मास्तरांनी सवयीने घंटा मारली. मग त्यांचा हात तसाच वर राहिला.

आम्ही सगळे बाहेर आलो. अंगणात कुणी नव्हतं. वारा नव्हता. कुत्रं नव्हतं. रिकामी बाज हलत होती. सुंभ ताणल्यासारखा करकरत होता आणि चारी पाय जमिनीवर वाजत होते. दादाजीची बायको दारात उभी राहून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसता कंटाळा.

"मानसाचा ताप उतरला," ती म्हणाली, "पन बाजेचा नाई उतरला ना जी अजून!"

आणि डॉक्टरांकडे वळून तिने विचारलं, "इच्यासाठी वेगळ्या गोळ्या हायेत काय?"

*

पुढच्या वर्षी पटकी आली, कॉलरा. म्हणजे तिकडे लोक म्हणतात ती मरीमाय.

मरीमाय गावात आली की लोक एक हातभर लांबीचा लाकडी गाडा करायचे. त्यात शेंदूर, हिरव्या बांगड्या, काळी कोंबडी. वाजतगाजत तो गाडा गावाच्या शिवेपर्यंत ओढायचा आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत ढकलायचा. आपली ब्याद गेली! पलीकडचं गाव सकाळी गाडा बघायचं आणि तो तसाच पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडायचं.

राऊत चिडायचे. "अडानी लोकं, साहेब!"

पण सबनीस डॉक्टर हुशार. त्यांनी नकाशा काढला. गाडा जिथे दिसला तिथे लाल पेन्सिलीने खूण केली आणि म्हणाले, "राऊत, यांना अडाणी म्हणू नका. सरकारी तार यायला आठ दिवस लागतात. गाडा रोज एक गाव चालतो. शास्त्रीयदृष्ट्या हा आपल्याहून चांगला रिपोर्ट आहे!"

मग काय, आम्ही गाड्याच्या पुढे पळायला लागलो. गाडा ज्या गावाकडे निघाला, तिथल्या विहिरीत आधीच जाऊन लाल औषध टाकायचं. आणि खरंच, त्या वाटेवरच्या चार गावांत एकही माणूस दगावला नाही! डॉक्टर अगदी खुशीत होते.

पाचव्या गावाबाहेर आमचा तंबू होता. सकाळी मी दात घासायला बाहेर आलो, तर तंबूच्या दारातच गाडा उभा! शेंदूर ओला. कोंबडी जिवंत, माझ्याकडे टक लावून बघत.

सगळे गोळा झाले. लालसू वाकून जमीन बघत होता. तो जंगलातला माणूस, मुंगीचाही माग सांगायचा. चारी बाजूंना भुरभुरीत धूळ होती. तो बराच वेळ फिरला आणि परत आला.

"पाय नाईत," तो म्हणाला. "चाकं पन नाईत."

राऊतांनी हसायचा प्रयत्न केला. "आपन तिच्या मागावर होतो. आता ते आपल्या मागावर आली!"

डॉक्टर हसले नाहीत. शास्त्रीयदृष्ट्याही काही बोलले नाहीत. आत गेले आणि आमच्या पिण्याच्या माठात स्वतःच्या हाताने लाल औषध टाकून आले.

दुप्पट!

*

गफूरभाईंचं काम सगळ्यात विचित्र. तोंडात एक काचेची नळी धरायची आणि घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात भिंतीवर बसलेले मच्छर श्वासाने आत ओढायचे. मग ते मोजायचे. किती मच्छर, कुठल्या जातीचे, पोटात रक्त आहे की नाही.

एकदा धानोऱ्याच्या बाजूला एका घरात गेले. सकाळचे नऊ वाजले असतील. घरमालक बाहेर टोपली विणत होता. गफूरभाई आतल्या खोलीत शिरले आणि अर्ध्या तासाने बाहेर आले. नळीत मच्छरच मच्छर!

"काचवाले, अजीब मामला आहे," ते मला म्हणाले. "भिंतीवर मच्छर, कणगीवर मच्छर, माझ्या मानेवर मच्छर. कोपऱ्यात बुढी झोपली आहे, अंगावर धड कपडा नाही. तिच्यावर एक नाही! असं मी वीस वर्षांत पाहिलं नाही. तिचं रक्त घ्या, डॉक्टरला दाखवू."

मी सुई, स्पिरिट घेऊन उठलो. मालकाला म्हटलं, "आईचं रक्त घेऊ का? टोचलेलं कळणारही नाही."

त्याने टोपली खाली ठेवली. "कोनाची आई?"

"तुमची. आत झोपलीय ती."

तो गफूरभाईंकडे बघत राहिला. मग हळूच विचारलं, "कुठी झोपली हाये? कनगीपाशी? भिंतीकडे तोंड करून?"

"हां, तशीच!"

"मांगच्या धानकापनीले गेली ते," तो म्हणाला. आणि टोपली परत हातात घेतली.

मी सुई परत पेटीत ठेवली. शेवटी तोच आमची समजूत घालायला लागला. "तुमी वीस वर्सं मच्छर धरून राह्यले ना भाऊ? मंग येवढं कसं नाई समजलं? मच्छर गरम रक्ताले येते!"

*

एका कोतवालाची गोष्ट सांगायची राहिली. हा माझ्या फार जवळचा माणूस.

गावात कोण जन्मलं, कोण मेलं याची वर्दी तेव्हा कोतवाल बाजाराच्या दिवशी ठाण्यात द्यायचा, आणि त्याच वाटेवर आम्हाला तापाचा आणि मरणाचा हिशेब सांगायचा. आमचा हा कोतवाल म्हातारा, विश्वनाथ त्याचं नाव. लिहिता येत नसे. कमरेला दोन पिशव्या. एकीत चिंचोके, दुसरीत गोटे. ज्याला ताप आला त्याचा चिंचोका. जो मेला त्याचा गोटा. चिंचोका हातात घेऊन तो नाव सांगायचा, घर सांगायचा, तापाचा वार सांगायचा. एकदाही चुकला नाही! डॉक्टर म्हणायचे, आपल्या रजिस्टरपेक्षा ही पिशवी बरी.

एका बाजारी तो आमच्या कॅम्पवर आला. चिंचोके झाले. मग गोटे काढले, दोन. राऊतांनी दोन नावं लिहिली. विश्वनाथने तिसरा गोटा काढून टेबलावर ठेवला.

"हा कोनाचा?"

"माहा."

राऊत भडकले. "चेष्टा करून राह्यला काय कोतवाल? जिता मानूस मेला म्हनून लिहू?" आणि गोटा उचलून त्यांनी खिडकीबाहेर फेकला.

विश्वनाथ उठला. बाहेर गेला, गवतात वाकून बराच वेळ शोधत राहिला, आणि तोच गोटा धोतराला पुसून परत टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी त्याला तपासलं. नाडी ठीक, छाती साफ, ताप नाही. "तुम्हाला काहीही झालेलं नाही," ते म्हणाले. "हे कशाला लिहायचं?"

"नाई झालं साहेब, खरी गोष्ट हाये," तो नम्रपणे म्हणाला. "पन पुढच्या बाजाराले माह्या मरनाची वर्दी द्याले दुसरा कोतवाल कुठी हाये?"

पुढच्या बाजारी आम्ही दिवसभर वाट पाहिली. संध्याकाळ झाली, कुणी आलं नाही. राऊतांनी रजिस्टर ओढलं आणि कुणाला न विचारता एक नाव लिहिलं.

*

गोळ्या वाटायचं काम पावसाळ्याआधी लालसूकडे असे. वीस-बावीस गावांची यादी, प्रत्येक गावाला कागदाच्या पुड्या. एकदा डॉक्टर यादी तपासत होते. एका नावावर त्यांचं बोट थांबलं.

"हे गाव नकाशावर रिठी दाखवलंय." रिठी म्हणजे उजाड गाव, माणूस नसलेलं. "लालसू, तू इथे गोळ्या कुणाला देतोस?"

"ठेवून येतो."

"कुठे?"

"मोहाच्या झाडाखाली. गोट्याखाली."

"आणि मग?"

"मंग पुढच्या वेळी नसते."

राऊतांना वाटलं, हा गोळ्या विकतो. डॉक्टरांनाही वाईट वाटलं असावं, कारण लालसूवर त्यांचा फार जीव. ते म्हणाले, आपण सगळे जाऊन बघू.

दुपारी पोचलो. गाव नव्हतंच. मोडलेले चौथरे, एक बुजलेली विहीर, मोहाचं झाड. झाडाखाली चपटा दगड. राऊतांनी तो उचलला. खाली पुड्यांचे रिकामे कागद. नीट घडी घालून, एकावर एक ठेवलेले. राऊतांनी ते मोजले. जितक्या पुड्या लालसूने नेल्या होत्या, तितकेच कागद!

"माकडं," राऊत म्हणाले.

"माकड कडू थुंकून टाकतं," डॉक्टर म्हणाले. "आणि घडी घालत नाही."

आजूबाजूला पाऊलवाट नव्हती. गवत गुडघ्याइतकं, कुठेच दबलेलं नाही. पाखरूही ओरडत नव्हतं. डॉक्टरांनी लालसूला विचारलं, "हे गाव कशाने उठलं?"

"तापानं. माह्या बापाच्या वक्ताले. एका पावसात सारे गेले."

"मग तू इथे गोळ्या का ठेवतोस? मेलेल्यांना त्यांचा काय उपयोग?"

लालसूने दगड उचलून होता तसा ठेवला. म्हणाला, "तवा त्यायले कोनी आनून नाई दिल्या, साहेब. आता घेऊन राह्यले."

डॉक्टरांनी यादीतलं ते नाव खोडलं नाही. त्यांची बदली होईपर्यंत ते यादीत होतं.

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

भामरागडच्या पलीकडे, नदी उतरून एका माडिया गावात गेलो. सकाळची वेळ. चुली गरम, अंगणात मोहफुलं वाळत घातलेली, कोंबड्या फिरताहेत, आणि माणूस एकही नाही! खाकी कपडे दिसले की गावं अशी जंगलात पळायची. एका दारात फक्त एक म्हातारी बसली होती. रैनी तिचं नाव. पाय चालत नव्हते म्हणून मागे राहिलेली.

लालसूने माडियात विचारपूस केली. घरात सात माणसं. ती, दोन मुलगे, दोन सुना, दोन नातवंडं.

राऊत वैतागले. दोन दिवस चालून आलो होतो. "तिले सांग लालसू, सातही मानसायचं रक्त पाह्यजे! बलाव त्यायले!"

लालसूने सांगितलं. म्हातारीने थोडा विचार केला, आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"बुढी म्हनते, सात पाह्यजे तं सात घ्या. सारे माह्याच हातचे घ्या."

मी राऊतांकडे बघितलं. ते म्हणाले, "घेऊन टाका! रजिस्टर तं भरते!"

चुकीचंच होतं ते. पण मी घेतलं. आणि म्हातारीने काय करावं? दर वेळी ती वेगळं बोट पुढे करायची, त्याच्यावर फुंकर घालायची, आणि घरातल्या एका माणसाचं नाव घ्यायची. मग मला टोचू द्यायची. लालसू नाव सांगायचा, राऊत लिहायचे, मी काचेवर पेन्सिलीने नंबर घालायचो. एक्केचाळीस ते सत्तेचाळीस. पंचेचाळीसच्या वेळी तिने उजव्या हाताची करंगळी पुढे केली आणि धाकट्या सुनेचं नाव घेतलं, सोमारी. त्या बोटावर तिने दोनदा फुंकर घातली, एवढं मला आठवतं.

त्या दिवशी त्या गावात आम्ही दुसऱ्या कुणाचंही रक्त घेतलं नाही. दुसरं कुणी नव्हतंच!

कॅम्पला आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात मायक्रोस्कोप लावला, आरशात ऊन धरलं आणि बसलो. एक्केचाळीस, साफ. बेचाळीस, साफ. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, साफ. एकाच बाईचं रक्त, वेगळं काय निघणार? निव्वळ सवयीने पंचेचाळीस लावली.

काच भरलेली होती. जिथे बघावं तिथे मलेरियाचे जंतू, तांबड्या पेशींत बारीक बारीक अंगठ्या. जीवघेण्या जातीचे. इतके दाट मी तोवर पाहिले नव्हते.

शेहेचाळीस लावली. साफ. सत्तेचाळीस, साफ.

मी डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी सातही काचा बघितल्या. पुन्हा बघितल्या.

"काच जुनी असेल. आधीचं रक्त राहिलं असेल."

"नवी पेटी होती साहेब. वरचा कागद मीच फाडला."

"नंबर बदलला असेल."

"कुणाशी बदलणार?"

त्यांनी सातही काचा ओळीने टेबलावर मांडल्या. मग म्हणाले, "शास्त्रीयदृष्ट्या औषध म्हातारीला द्यायला हवं. रक्त तिचं आहे."

"आणि रजिस्टरप्रमाणे?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. गोळ्यांची पुडी बांधली. पेन काढलं, आणि तिच्यावर लिहिलं: 'सोमारी'.

"आजच निघा," ते म्हणाले.

मी आणि लालसू निघालो. नदीपर्यंत आम्ही जवळजवळ पळतच होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तेव्हा गाव परत आलेलं होतं. रैनी दारातच बसली होती. आम्हाला बघून तिला नवल वाटलं नाही. तिने मोठ्या मुलाला खूण केली आणि तो आम्हाला मागच्या झोपडीत घेऊन गेला.

सोमारी जमिनीवर पडली होती. सातवा महिना. अंग तव्यासारखं, डोळे उघडे, पण बघत नव्हते. जंगलात लपायला गेली तिथेच तापली होती, त्याच सकाळी. नवरा तिच्या उशाशी बसला होता. त्याने मला बघितलं आणि कुऱ्हाड बाजूला सरकवली.

आम्ही गोळ्या कुटून पेजेत कालवल्या आणि थेंब थेंब तिच्या तोंडात घातल्या. अर्ध्या बाहेर आल्या, परत घातल्या. लालसू ओल्या फडक्याने तिचं कपाळ पुसत होता आणि माडियात तिच्याशी बोलत होता. पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी तिने पाणी मागितलं. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि पोटावर हात ठेवून एकदम हसली. आतलं हललं होतं! तिचा नवरा बाहेर गेला आणि झाडाला टेकून रडला.

निघताना मी रैनीकडे गेलो. तिच्या उजव्या करंगळीतून पुन्हा एक थेंब घेतला. कॅम्पला येऊन तो मी तासभर बघितला. एक जंतू सापडला नाही. ते नंतरचं. पण तेव्हा, तिच्यासमोर बसलेला असताना, मला राहवेना.

"लालसू, तिला विचार. सातही थेंब तिच्याच अंगातले. मग एकाच काचेवर ताप कसा आला?"

लालसूने विचारलं. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली, एखाद्या मतिमंद पोराकडे बघावं तशी. मग दोन शब्द बोलली आणि मोहफुलं निवडायला लागली.

मी लालसूकडे वळलो.

"काय म्हणाली?"

"बुढी म्हनते," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "रक्त माहंच होतं, भाऊ. पन नाव तं मी तिचं घेतलं होतं ना!"